वहिनींचं ‘बघू’ आणि हौद्यावरचं घर

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मी ६१ वर्षांचा, पत्नी ५८ वर्षांची. मुलं आपापल्या मार्गाला लागली. नोकरी संपून आठ महिने झाले. माझ्याकडे डबल केबिनचा पिकअप ट्रक आहे, सात वर्षं जुना पण उत्तम अवस्थेत. त्याच्या मागच्या उघड्या हौद्यात बसणारा एक वापरलेला कॅम्पर, म्हणजे राहायची तयार खोली, विकायला आहे. माहितीपत्रकात त्याचं वजन ६४० किलो दिलंय आणि माझ्या ट्रकच्या दाराजवळच्या पट्टीवर भारक्षमता ७२० किलो लिहिलीय. म्हणजे ८० किलोची मोकळीक उरते. घर विकून पुढची पाचसात वर्षं फिरतीवर काढायचा विचार आहे. बॅटरी लिथियमची घ्यावी की साधी? २०० वॉटचं सोलर पॅनल पुरेल का? पत्नीचा गुडघा अधूनमधून दुखतो, तेवढं सोडलं तर दोघांची तब्येत ठणठणीत. तिला विचारलं तर म्हणाली, ‘बघू’. तुम्ही स्वतः असं राहिला आहात म्हणून विचारतो.”

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं. त्यातली तीन पानं बॅटरी, इन्व्हर्टर आणि सोलरवर खर्ची पडली आहेत आणि वहिनींच्या वाट्याला दोन ओळी आल्या आहेत: एक गुडघ्याची, एक ‘बघू’ची. राग मानू नका, पण मी त्या दोन ओळींवरच जास्त वेळ अडकले. मी आणि माझा नवरा सव्वाचार वर्षं असल्याच घरात राहिलो. निघण्याआधी त्याच्याही वहीत तारांच्या जाडीचे तक्ते होते आणि मीही ‘बघू’ म्हणाले होते. ते ‘हो’ नव्हतं आणि ‘नाही’ही नव्हतं. ‘मला नेमकं काय विचारायचं ते तुला अजून सुचलेलंच नाही’ असं होतं ते.

पण आधी वजन. ते जमलं नाही तर बाकीचं बोलण्यात अर्थ नाही.

६४० किलो हे कोरडं वजन आहे, कारखान्यातून बाहेर पडलेल्या रिकाम्या डब्याचं. त्यात पाणी नाही, गॅस नाही, तुम्ही बसवाल त्या बॅटऱ्या नाहीत. चार कोपऱ्यांचे जॅक, छतावरचा एसी, बाजूची कनात ही मंडळी पुष्कळदा ‘जादा सामान’ म्हणून त्या आकड्याच्या बाहेर ठेवलेली असतात. आता संसार चढवू. तुम्ही दोघं मिळून १४० किलो धरते. पाण्याची टाकी ८० लिटरची, म्हणजे सरळ ८० किलो. साध्या लेड-ॲसिडच्या १०० अँपिअर-अवरच्या (हे बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप) दोन बॅटऱ्या, एकेक साधारण २८ किलोची, म्हणून ५६. भरलेली गॅसची टाकी २०. जॅक, बांधायच्या साखळ्या आणि हौद्यातली रबरी चटई मिळून ४०. कपडे, भांडी, शिधा, हत्यारं, अंथरूण-पांघरूण, दोन खुर्च्या, औषधं आणि ‘असू दे, लागेल’ म्हणून घेतलेलं सगळं तुम्ही १२० किलोत बसवलंत तर मी तुमची पाठ थोपटीन. बेरीज झाली ४५६. कॅम्परसकट १०९६. ट्रकला पेलतात ७२०. मोकळीक कुठली, ३७६ किलो वर गेलात.

दारावरच्या आकड्यात चालकाचं वजन आधीच वजा केलेलं असतं की नाही, हे देशादेशांत वेगळं असतं. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत ते बघा. पण त्याने फार तर पाऊणशे किलोंचा फरक पडेल. तुमचा घोटाळा त्याच्या पाचपट आहे.

यावर एखादा मेकॅनिक तुम्हाला हमखास सांगेल की स्प्रिंगचे पाटे वाढवून देतो, नाहीतर स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) टाकतो, काही होत नाही. पाटे वाढवले की गाडीची मागची बाजू बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच राहतात, ॲक्सल तोच, बेअरिंग तीच, टायरही तेच. पट्टीवरचा आकडा जागचा हलत नाही. गाडी सरळ उभी दिसते म्हणून आपल्याला वाटतं की पेललं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. पहिल्या वर्षी आम्ही दीडेकशे किलो जास्त घेऊन हिंडत होतो आणि आम्हाला ते ठाऊकच नव्हतं. एका लांब घाटउतारावर नवरा म्हणाला, “पेडल मऊ लागतंय.” आवाज अगदी शांत होता, म्हणूनच मला भीती वाटली. खालच्या गिअरमध्ये टाकत टाकत त्याने गाडी कशीबशी एका रुंद वळणावर कडेला घेतली. खाली उतरलो तर मागच्या चाकांतून जळक्या रबरासारखा वास आणि रिमजवळ हात नेववत नव्हता. तास-सव्वातास आम्ही तिथे एका दगडावर बसून होतो. त्याच दिवशी संध्याकाळी जाड पुस्तकांची पेटी, लोखंडी तवा आणि त्याची आवडती सहा किलोची हत्यारपेटी यांवर आमचं पहिलं खरं भांडण झालं. तवा गेला. हत्यारपेटी राहिली, अजून आहे.

म्हणून कॅम्पर घेण्याआधी ट्रक काट्यावर न्या. इंधनाची टाकी भरलेली, तुम्ही दोघं आत बसलेले. पुढची चाकं काट्यावर घेऊन एक वजन करा, मग अख्खी गाडी. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलवरचा भार मिळतो. कॅम्परचं जवळजवळ सगळं ओझं त्याच ॲक्सलवर येणार आहे आणि त्याची मर्यादाही वेगळी लिहिलेली असते. टायरच्या बाजूवरचा भारांक (लोड इंडेक्स) वाचा, तक्त्यात त्याचे किलो शोधा, मागच्या दोन टायरांसाठी दोनाने गुणा. बऱ्याच ट्रकांचं घोडं शेवटी टायरपाशीच पेंड खातं.

आणखी एक गोष्ट विकणारा सहसा आपणहून सांगत नाही. कॅम्परचा गुरुत्वमध्य ट्रकच्या मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा थोडा पुढे यायला हवा. बऱ्याच कॅम्परच्या अंगावर बाहेरून त्याची खूण असते. कॅम्परची जी बाजू हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकणार, तिथपासून खुणेपर्यंत टेप लावा. मग हौद्याच्या पुढच्या भिंतीपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत लावा. पहिलं माप दुसऱ्यापेक्षा मोठं आलं तर नमस्कार करून घरी या. डबल केबिनच्या ट्रकचा हौदा आखूड असतो, त्यामुळे तुमच्या बाबतीत ही भीती खरी आहे. भार ॲक्सलच्या मागे गेला की पुढची चाकं हलकी होतात, आणि ओल्या रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी आपल्याच तंद्रीत पुढे जाते.

मग करायचं काय? या ट्रकवर तो कॅम्पर बसत नाही, हे माझं स्पष्ट मत. एक तर छप्पर वर उचलता येणारा, कापडी भिंतींचा हलका कॅम्पर शोधा. पण ४५० किलोंचा मिळाला तरी तुमच्या हिशेबात तोही दीडेकशे किलो वर जातो, पाण्याची टाकी अर्धी ठेवूनसुद्धा, म्हणजे सामानही बरंच कमी करावं लागेल. नाहीतर कॅम्पर आधी ठरवा आणि त्याला पेलेल असा ट्रक नंतर घ्या. कापडी भिंती सहलीला छान असतात. कायम राहायचं, त्यात पाऊस, थंडी आणि वारा आला की मी टणक भिंतींच्या बाजूने मत देईन. त्याचा अर्थ मोठा ट्रक असाच होतो. हे ऐकायला तुम्हाला आवडणार नाही याची मला कल्पना आहे.

वापरलेला कुठलाही कॅम्पर बघायला जाल तेव्हा पाऊस पडून गेल्यावर जा आणि वहिनींना बरोबर न्या. आत शिरताच एक दीर्घ श्वास घ्या. बंद ट्रंकेसारखा कुबट वास आला तर कितीही चकाचक दिसो, आत ओल आहे. छताचे कोपरे, खिडक्यांच्या खालच्या कडा, छतावरच्या झरोक्याभोवती आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागाचा तळ, इथे अंगठा दाबत जा. निरोगी भिंत दाद देत नाही. कुजलेली भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत जाते. आतली चौकट लाकडी असेल तर हा रोग बाहेरून दिसत नाही, आणि दिसेल तोवर दुरुस्ती विकत घेतलेल्या किमतीपेक्षा महाग झालेली असते. विकणारा म्हणेल की आताच नवीन सीलंट भरलंय. कुठे भरलंय आणि का भरावं लागलं, ते विचारा.

आता गुडघा.

असल्या कॅम्परमध्ये बिछाना केबिनच्या टपावर असतो, घरातल्या माळ्यासारखा. तिथे माणूस चालत जात नाही, चढतो. दोन पायऱ्या किंवा बाकावर पाय, मग एक गुडघा गादीवर, मग दुसरा, मग रांगत वर. डोक्यावर छत इतकं जवळ की ताठ बसता येत नाही. गादी गाडीला आडवी असेल, म्हणजे झोपल्यावर डोकं एका खिडकीकडे आणि पाय दुसऱ्या खिडकीकडे, तर आतल्या बाजूच्या माणसाला रात्री उठायचं झालं की बाहेरच्याच्या अंगावरून जावं लागतं. गादी उभी असेल तर दोघांनाही आपापल्या बाजूने पायांकडे सरकत उतरता येतं. माहितीपत्रकात हा फरक एका चित्रात उरकलेला असतो. साठीच्या जोडप्याच्या संसारात तो रोज रात्री दोनदा येतो.

शिवाय दार. कॅम्पर हौद्यात बसलेला, त्यामुळे त्याची जमीन रस्त्यापासून मीटरभर किंवा त्याहून उंच. दिवसातून किती वेळा चढउतार होते ते मी एकदा मोजलं होतं: एकवीस वेळा. कचरा टाकायला, राहिलेला चष्मा आणायला, पाण्याचा पाइप लावायला, कोण आलंय ते बघायला. ज्या पायऱ्या दाराखाली घडी होऊन लटकतात त्या हलतात. जमिनीवर पक्क्या टेकणाऱ्या, रुंद, कठडा असलेल्या घ्या. हा खर्च बॅटरीच्या आधीचा आहे.

आणि एक प्रश्न आहे जो कुणीच विचारत नाही. दार मागे, दाराशेजारी शेगडी, बिछाना पुढे. आग लागली तर ती बहुधा तुमच्या आणि दाराच्या मधे असणार. मग बाहेर पडायची वाट एकच, बिछान्याच्या वरचा झरोका किंवा बाजूची आपत्कालीन खिडकी. वहिनींना त्यातून बाहेर पडता येतं का? अंदाज नको. विकत घेण्याआधी, दिवसाउजेडी, गाडी उभी असताना दोघांनी खरोखर करून बघा. मी अडकले होते, खांद्यापाशी. नवऱ्याला हसू आवरेना, पण दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने मोठ्या खिडकीचा कॅम्पर शोधायला लागला.

बॅटरीचं तीन पानांचं उत्तर मी एका परिच्छेदात देते. १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसर फ्रिज दिवसाला सुमारे ४० अँपिअर-अवर खातो. दिवे, पंखा, पाण्याचा पंप आणि फोन मिळून आणखी १५ ते २० धरा. छतावर आडवं झोपलेलं २०० वॉटचं पॅनल चांगल्या उन्हात साधारण ५० ते ५५ परत देतं, ढगाळ दिवशी त्याचा एक तुकडा. म्हणजे ऊन असेल तर जेमतेम तोंडमिळवणी, नसेल तर तिसऱ्या दिवशी अंधार. म्हणून गाडी चालताना इंजिनावरून कॅम्परची बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर घ्या. पॅनल दुप्पट करण्याआधी तो घ्या. लेड-ॲसिड निम्म्याहून खाली उतरवली तर लवकर मरते, त्यामुळे तुमच्या दोन जड बॅटऱ्यांचं काम एक लिथियम करते, ५६ किलोंऐवजी १२-१३ किलोंत. वरचं वजनाचं गणित आठवा आणि लिथियम घ्या. फक्त शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते, आतून कायमची बिघडते. ज्या बॅटरीत हे आपोआप थांबवायची सोय आहे तीच घ्या.

गॅसचंही सांगून टाकते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साचतो, म्हणून त्याचा अलार्म खाली. कार्बन मोनॉक्साइड मात्र हवेत मिसळून सगळीकडे पसरतो आणि त्याला वासही नसतो, त्याचा अलार्म झोपेच्या जागेजवळ. दोन्ही अलार्म असायलाच हवेत. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून ठेवून झोपणं हा मरण्याचा जुना मार्ग आहे. हीटर असा हवा जो हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. उघड्या शेगडीवर ते सगळं तुमच्या घरात येतं, त्यात दोघांच्या श्वासाची भर. सकाळी खिडक्या घामेजतात तेव्हा लोक खिडक्या पुसतात आणि गादी उचलून बघत नाहीत. आमच्या गादीच्या पोटाला सहाव्या आठवड्यात काळी बुरशी धरली होती, हाताच्या पंज्याएवढे डाग. गादीखाली हवा खेळेल अशी जाळी घाला, स्वयंपाकाच्या वेळी पंखा चालू ठेवा आणि कितीही थंडी असो, रात्री झरोका दोन बोटं उघडा.

पाण्याचं आणि संडासाचं तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पुरुषमंडळी विचारत नाहीत, असा माझा अनुभव. दोन माणसांना काटकसरीने दिवसाला १५ लिटर लागतं, म्हणजे तुमची ८० लिटरची टाकी पाच दिवसांची. ओढून काढायच्या संडासाची पेटी साधारण २० लिटरची असते, ती तीन-चार दिवसांत भरते आणि भरलेली पेटी उचलून न्यावी लागते. ती कोण नेणार? निघण्याआधी ठरवा. ‘जो असेल तो’ असं ठरलं की तो नेहमी एकच असतो.

या घराचं एक सुख मात्र दुसऱ्या कुठल्याही फिरत्या घरात नाही. चार जॅकवर घर उभं करायचं, ट्रक खालून काढून घ्यायचा आणि बाजारात, डॉक्टरकडे, डोंगराच्या अरुंद वाटेवर मोकळं हिंडायचं. ट्रक बिघडून गॅरेजला गेला तरी तुमची गादी गॅरेजला जात नाही. पण घर उतरवणं-चढवणं हे दोघांचं काम आहे. एक मागे घेतो, दुसरा हात करतो, आणि दोन्ही बाजूंना चार बोटांची फट. आम्हाला पहिल्यांदा दोन तास लागले. मी ‘डावीकडे’ म्हणायचे ते माझं डावं, तो घ्यायचा ते त्याचं डावं. एक जॅक वाकला, मडगार्डला पोचा आला, आणि रात्री आम्ही एकमेकांशी न बोलता जेवलो. मग नियम केला: डावं-उजवं नाही, ‘चालकाची बाजू’ आणि ‘पलीकडची बाजू’. आणि ‘थांब’ हा एकच शब्द ओरडायचा, बाकी सगळं हळू. उंच उभ्या जॅकवर घर तसंच ठेवून आत वावरू नका, शक्य तितकं खाली आणा. आणि घराची एकूण उंची कागदावर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवा. पहिल्या कमानीखाली ती आठवत नाही.

शेवटी घर विकण्याबद्दल. पहिलं वर्ष विकू नका. भाड्याने द्या, बंद ठेवा, काहीही करा. फिरतीवरचा माणूस आजारी पडतो, कंटाळतो, बँकेला पत्ता लागतो, विमा कंपनीला लागतो. आणि गाडीत कायम मुक्काम असेल तर काही विमे लागूच होत नाहीत, ते लेखी विचारून घ्या. शिवाय परतीची वाट बंद आहे असं वाटलं की साधी कुरबूरही मोठी होते. आम्ही दुसऱ्या वर्षी घर सोडलं, आणि ते सोडायचं मी म्हणाले, त्याने नाही.

तेव्हा तूर्त एवढंच करा. त्या विकणाऱ्याला थांबवून ठेवू नका, नाही म्हणून टाका. कुणाचा तरी कॅम्पर आठ रात्रींसाठी भाड्याने घ्या, आणि मुद्दाम वाईट हवेत घ्या. दिवसाला दीड-दोनशे किलोमीटरच्या वर जाऊ नका, उजेड असताना मुक्काम गाठा, गाडी तोंड बाहेर करून लावा. झोपायची बाजू वहिनींनी निवडायची. संडासाची पेटी आठही दिवस तुम्ही न्यायची. गाडीची चावी निदान तीन दिवस त्यांच्याकडे द्या. तुम्ही शेजारी बसा आणि ब्रेकबद्दल बोलू नका.

परत आल्यावर त्यांना ‘आवडलं का?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर पुन्हा ‘बघू’च येईल. गुडघा चौथ्या रात्री कसा होता, ते विचारा. आणि मला पुढचं पत्र पाठवाल तेव्हा काट्याची पावती जोडा. पत्र मात्र वहिनींनी लिहिलेलं असू दे. बॅटरीवर तीन पानं त्यांनी लिहिली तर तीही मी वाचीन.